डायास्टेज, अमायलेज आणि गोळीतलं 'फंगल डायास्टेज': एकच माल का वेगवेगळा?

रोजमेळ
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब आणि स्टोअर बघतो. शिक्षण बी.कॉम., केमिस्ट्रीशी संबंध दहावीलाच सुटला.

ग्रे (मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या) टॉवेलची खळ काढायला आमच्याकडं डायास्टेज लागतं. जुन्या व्यापाऱ्याच्या बिलावर तेच नाव असायचं. आता व्यापारी बदलला, आणि कॅनवर 'अल्फा अमायलेज' आहे. डायिंग मास्तर म्हणतात, "एकच माल आहे, लिहून टाका." मालक म्हणतात दोन नावं लावा. स्टॉक रजिस्टरवरून आमची रोज वाजते.

त्यात परवा पोट फुगलं म्हणून गोळी घेतली, तर पाकिटावर मागं 'फंगल डायास्टेज'. आणि मामांच्या रक्ताच्या रिपोर्टात 'सीरम अमायलेज', आकडा ठळक करून ठेवलेला. टॉवेल, गोळी आणि मामा, तिघांत एकच वस्तू आहे का? जाणकारांनी सांगावं.

कडक_भाकरी
आता कळलं तुमचे टॉवेल पाणी का पितात. पोट साफ असतंय त्यांचं.

निवांत_नवीपेठ
रुमाल टाकून ठेवतोय. (टॉवेल नाही, रुमालच.)

खळमास्तर
रोजमेळ, उभी हयात प्रोसेस हाऊसात गेली, म्हणून लिहितो.

मागावर ताण्याचं सूत घासून तुटू नये म्हणून सायझिंगला त्याला खळ लावतात. खळ म्हणजे मुख्यतः स्टार्च. कापड उतरलं की तीच खळ वैरीण होते. ती राहिली तर टॉवेल पाणी पीत नाही आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. पूर्वी कापड रात्रभर भिजत घालून नुसतं कुजवत, नाहीतर पातळ अ‍ॅसिडमधून काढत. अ‍ॅसिडला खळ कुठली आणि कापूस कुठला हे कळत नाही, दोन्ही खातं. डायास्टेज फक्त खळ खातं, म्हणून ते आलं.

साधारण साठ-सत्तर डिग्री, पीएच साताच्या जरा खाली, पाण्यात थोडं कॅल्शियम, आणि भिजायला वेळ. झालं की कापडाची चिंधी थंड करून आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा आला तर खळ तशीच आहे. जांभळट-तांबूस आला तर अर्धवट निघाली. आयोडीनचा स्वतःचा पिवळा राहिला तर माल पुढं सोडा. थंड करून का, तर गरम कापडावर निळा रंग उमटतच नाही. नवीन पोरं वाफेतल्या कापडावर थेंब टाकतात आणि "पास" म्हणून सही करतात.

बाकी डायास्टेज काय नि अमायलेज काय, आमच्यात एकच. तुमचे मास्तर बरोबर आहेत.

मूळचा_सोलापूरचा_सध्या_कोथरूड
मास्तरांशी असहमत. डायास्टेज हे धान्याच्या मोडातून काढलेलं मिश्रण, त्यात अल्फा आणि बीटा दोन्ही अमायलेज असतात. तुमच्या कॅनवर फक्त 'अल्फा' लिहिलंय. म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. मालक बरोबर.

खळमास्तर
कोथरूडला टॉवेल कोण विणतंय ते कळवा, बघायला येतो.

कडक_भाकरी
पॉपकॉर्न नको, शेंगाची चटणी आणा कुणीतरी.

शाईची_दौत
मी रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, पण बोलताय वेगवेगळ्या काळाबद्दल.

१८३३ साली पायाँ आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या बार्लीच्या पाण्यातून अल्कोहोल घालून एक पांढरा साका वेगळा केला. तो स्टार्चची साखर करायचा. त्याला त्यांनी डायास्टेज म्हटलं. वेगळं काढून नाव दिलेलं हे पहिलं एंझाइम, म्हणजे सजीवांतली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. तेव्हा 'एंझाइम' हा शब्दसुद्धा नव्हता, तो विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानं १८७० च्या दशकात आणला. पुढं १८९८ मध्ये एमिल द्यूक्लो यांनी सुचवलं की अशा सगळ्यांच्या नावाला डायास्टेजचंच शेपूट, 'एज', लावू या. म्हणून ज्यावर काम करतं त्याचं नाव आणि पुढं 'एज'. स्टार्च म्हणजे अमायलम, त्याचं अमायलेज. पेप्सिन, ट्रिप्सिन, पपेन ही त्या पद्धतीतून सुटलेली नावं.

कोथरूडकर म्हणतात तेही खरं, मोड आलेल्या बार्लीत दोन्ही असतात. अल्फा सुताच्या लडीला मधेच कुठंही कात्री लावतं, बीटा फक्त टोकापासून एकेक तुकडा (माल्टोजचा) तोडत येतं. खळ पातळ करून धुवून काढायची तर मधे कात्री लावणारं हवं. म्हणून कारखान्याला अल्फा पुरतं, आणि आजकाल कॅनमध्ये बहुतेक जिवाणूंपासून काढलेलं अल्फाच असतं. कॅनवर डायास्टेज लिहिलं तरी आत बार्ली असेलच असं नाही.

आता रोजमेळ यांच्या तिघांबद्दल. एंझाइमचं नाव त्याचं काम सांगतं, त्याचा देह सांगत नाही. कॅनमधलं जिवाणूचं, गोळीतलं बुरशीचं, मामांच्या रक्तातलं त्यांच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचं आणि लाळेचं. तिन्ही प्रथिनं वेगळी, काम एकच. आंतरराष्ट्रीय यादीत मात्र तिघांना एकच क्रमांक आहे, ३.२.१.१. पहिला ३ म्हणजे पाणी वापरून तोडणारी एंझाइमं. बीटाचा क्रमांक ३.२.१.२.

निवांत_नवीपेठ
म्हणजे 'क्लार्क'. कलेक्टर ऑफिसातला वेगळा, झेडपीतला वेगळा, काम एकच: उद्या या.

शाईची_दौत
अगदी. फक्त एंझाइम उद्यावर ढकलत नाही.

परीक्षानळी
मी लॅबमध्ये आहे. मामांबद्दल.

अमायलेज रक्तात थोडं नेहमीच असतं. स्वादुपिंडाला सूज आली की ते जास्त गळतं, काही तासांत आकडा चढतो आणि बऱ्याचदा तीन-पाच दिवसांत उतरतो. म्हणून उशिरा आलेल्या पेशंटचा आकडा नॉर्मलही येऊ शकतो. डॉक्टर सोबत लायपेजची (चरबी तोडणाऱ्या एंझाइमची) तपासणी का करायला सांगतात, त्याचं हे एक कारण. नॉर्मलच्या तिपटीवर गेला आणि पोटात कळा असतील तर गंभीर. नुसता थोडा चढला तर गालगुंडसुद्धा असू शकतं, कारण लाळग्रंथीतही तेच आहे. काही लोकांत अमायलेज रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटून मोठं होतं, मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही आणि माणूस ठणठणीत असताना आकडा वर राहतो.

आणखी एक. रिपोर्टात मिलिग्रॅम नसतं, 'युनिट प्रति लिटर' असतं. आम्ही एंझाइम तोलत नाही, ते किती काम करतं ते मोजतो. एका मिनिटात एक मायक्रोमोल माल बदलला की एक युनिट. तेही ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या पद्धतीनं. म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका, शेजारी छापलेली त्या लॅबची मर्यादा बघा. आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, टॉवेलवाल्यांना नको.

रोजमेळ
दाखवलाय ताई, दुखणं काही नाही, परत तपासायला सांगितलंय. आभार.

बाई, एक शंका. खळ झाडाचीच, कापूसही झाडाचाच. मग डायास्टेज खळ खाऊन टॉवेल कसा सोडतं?

शाईची_दौत
दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक दोन मण्यांमधल्या गाठीत. स्टार्चमध्ये गाठ अल्फा प्रकारची, कापसाच्या सेल्युलोजमध्ये बीटा प्रकारची. म्हणजे एक मणी सोडून पुढचा उलटा बसलेला. अमायलेजच्या खाचेत अल्फाची गाठ बसते, बीटाची बसतच नाही. आपल्यालाही म्हणून भाकरी पचते आणि टॉवेल पचत नाही. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंकडं सेल्युलेज असतं, त्यामुळं कडबा त्यांचं अन्न आहे.

('बीटा अमायलेज'मधला बीटा वेगळा हं, तेही स्टार्चच्या अल्फा गाठीच तोडतं. परीक्षेत यावर हमखास मार्क जायचे.)

कडक_भाकरी
आमची कडक भाकरी चावायला इतका वेळ लागतोय की तोंडातच तिची साखर होती. त्यामुळं सोलापूरकर गोड बोलतात.

मूळचा_सोलापूरचा_सध्या_कोथरूड
गोड?? "काय करलालास बे" हे गोड?

कडक_भाकरी
प्रेमानं म्हटलं की गोडच असतंय बे.

खळमास्तर
बाईंनी सेल्युलेज काढलं म्हणून सांगतो. तेही आमच्याकडं येतं, बायोपॉलिशला. कापडावरची लव खाऊन टाकतं, हात फिरवला की गुळगुळीत. पण ते कापूसच खातं, त्यामुळं वेळेवर मारावं लागतं, पीएच चढवून नाहीतर ऐंशी डिग्रीच्या वर तापवून. नाहीतर वजन घटतं, ताकद जाते.

एका ठिकाणी (नाव नको) कॅनवरची चिठ्ठी पाण्यानं निघून पडली होती. पोरानं खळ काढायला म्हणून सेल्युलेज ओतलं. बाथ तासन् तास चालू. खळ जागच्या जागी, आणि टॉवेल झटकला की पाईलचे बारीक तंतू हवेत, गिरणीत पीठ उडावं तसे नाकातोंडात. सगळा लॉट पोछ्याला गेला. रोजमेळ, रजिस्टर तुमच्या हातात आहे तर कॅनवर ऑइल पेंटनं नाव घाला. पावडर आली तर ती ओतताना तोंडाला फडकं बांधायला लावा. बुरशीच्या अमायलेजनं दमा लागतो, बेकरीतल्या कामगारांत हा त्रास माहितीतला आहे.

गोळ्यांची_बरणी
औषधाच्या दुकानातून.

फंगल डायास्टेज हे अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचं. जपानी लोक भातावर वाढवून कोजी करतात तीच. ताकामिने जोकिची या जपानी रसायनतज्ज्ञांनी ती गव्हाच्या कोंड्यावर वाढवून १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं आणि 'ताकाडायास्टेज' म्हणून पचनाचं औषध खपवलं. आपल्या गोळ्या त्याच वंशातल्या.

पण माझं स्पष्ट मत: ज्याचं स्वादुपिंड ठीक आहे त्याला अमायलेज कमी पडत नाही. हरभरा, मटकी, राजमा खाऊन जो गॅस होतो तो रॅफिनोजसारख्या साखरांचा. त्या तोडायला वेगळं एंझाइम लागतं, डायास्टेजच्या आवाक्यातलं ते नाही. त्या साखरा न पचता मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू दिवाळी करतात.

दुसरी गोष्ट कामाची. ज्यांना शुगरसाठी अ‍ॅकार्बोज चालू आहे त्यांनी ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. अ‍ॅकार्बोज तुमचं अमायलेज आणि त्याच्या पुढची साखर तोडणारी एंझाइमं अडवून धरतं, म्हणजे जेवल्यावर साखर हळू चढते. त्यानं पोट फुगतं. पोट फुगलं म्हणून माणूस काउंटरवर येऊन डायास्टेजची गोळी मागतो. एका हातानं अडवायचं आणि दुसऱ्या हातानं सोडायचं. काही गोळ्यांत कोळसाही असतो, तोही अ‍ॅकार्बोजचं काम कमी करतो.

निवांत_नवीपेठ
हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आईला दोन्ही चालू आहे. आजच विचारतो डॉक्टरांना.

उसाचं_चिपाड
साखर कारखान्याच्या लॅबमधून हजेरी. आमच्याकडंही अमायलेज लागतं. उसाच्या रसात थोडं स्टार्च असतं, त्यानं रस घट्ट होतो, पाकात दाणा नीट पडत नाही.

पण खरा त्रास डेक्स्ट्रानचा. ऊस तोडून उन्हात पडून राहिला, गाड्यांची रांग लागली की ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखर खाऊन शेंबडासारखा चिकट डेक्स्ट्रान करतात. तो अमायलेजला दाद देत नाही, डेक्स्ट्रानेजच लागतं. गंमत म्हणजे डेक्स्ट्रान पोलरायझेशनला प्रकाश साखरेपेक्षाही जास्त वळवतो, त्यामुळं शिळ्या उसाचा पोल (प्रकाश किती वळला त्यावरून काढलेला साखरेचा आकडा) उगाच चांगला दिसतो. वरचे साहेब खूश, दाणा मात्र लांबुडका नि बारीक.

संत्रसाल
एवढी विकतची एंझाइमं कशाला? मी घरी बायो-एंझाइम करते. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. फरशी, भांडी, बेसिन सगळं लख्ख. खळमास्तरांनी सांगितलेली परीक्षा मी आजच केली. भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला, गडद निळं झालं. माझं बायो-एंझाइम चमचाभर घातलं, क्षणात निळा रंग गायब! म्हणजे त्यात अमायलेज आहे हे सिद्ध झालं.

शाईची_दौत
ताई, परीक्षा करून बघितलीत हे फार आवडलं. पण "क्षणात" हाच शब्द मला खटकतो. अमायलेजला वेळ लागतो, रंग निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा तांबूस असा उतरत जातो. क्षणात गेला तर संशय व्हिटॅमिन सी वर घ्यावा. ते आयोडीनलाच बदलून टाकतं, आयोडीन संपलं की निळा रंग संपला. स्टार्च आहे तिथंच आहे. त्याच वाटीत आणखी आयोडीन टाकून बघा. परत निळं झालं तर खळ कुणी खाल्लेली नाही.

शिवाय तीन महिन्यांनी ते पाणी चांगलंच आंबट झालेलं असतं. साफसफाई मुख्यतः त्या आंबटपणाची, व्हिनेगरचीच.

मधमाशी_बार्शी
अवांतर: मधातही डायास्टेज असतं, माशीकडून आलेलं. मध जास्त तापवला किंवा फार दिवस ठेवला की ते मरतं. म्हणून तपासणीत 'डायास्टेज अंक' बघतात. आंतरराष्ट्रीय मानकात तो किमान ८ शाडे युनिट लागतो, मुळातच कमी एंझाइम असलेल्या मधाला ३ ची सूट, मोसंबी-संत्र्याच्या फुलांचा तशातला. गिऱ्हाईक विचारतं "शुद्ध आहे का?" आणि काडीपेटीची काडी बुडवून पेटवतं. अंक कुणीच विचारत नाही.

रोजमेळ
सर्वांचे आभार. माझ्या कामाचं मला परीक्षानळी ताईंच्या 'तोलत नाही, काम मोजतो' यात मिळालं. दोन्ही व्यापाऱ्यांकडून माहितीपत्रक मागवलं. किलोमागं युनिटं वेगळी आहेत, आणि नवीन माल जास्त तापमानाला चालतो. म्हणजे किलोत बेरीज करून एका ओळीत लिहिलं तर हिशोब जुळेल आणि डोस चुकेल. गट एकच ठेवला, 'खळ काढण्याचं एंझाइम', त्याखाली दोन वेगळे कोड, प्रत्येकापुढं युनिट, तापमान आणि मुदतीची तारीख. मालक खूश, मास्तरही खूश.

खळमास्तर
हे चांगलं केलंत. फक्त युनिटांची थेट तुलना करू नका. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीच्या तापमानाला मोजते. नवीन मालाचा छोटा लॉट काढा, आयोडीन टाका, मग डोस ठरवा. कॅन उन्हात पत्र्याखाली ठेवला तर कागदावरचं युनिट कागदावरच राहतं. आपला एप्रिल-मे माहिती आहे ना.

संत्रसाल
आणखी दोन थेंब टाकले. परत निळं झालं. असो, बेसिन मात्र लख्ख आहे, फोटो टाकते.

कडक_भाकरी
बेसिनला आयोडीन टाकून बघा ताई.

अण्णा_साखरपेठ
उशिरा आलो. चार माग आहेत घरचे, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) बाहेरून सायझिंग होऊन येतो. मास्तर, आमचा प्रश्न उलटा हाय. प्रोसेसवाला डायास्टेज मारून देतो, आयोडीन टाकलो तर पिवळंच राहतंय, म्हणजे खळ गेली. तरी टॉवेलवर पाणी टाकलो की थेंब तसाच बसतोय, मोती. असं कसं?

खळमास्तर
अण्णा, नमस्कार. आयोडीन फक्त स्टार्चबद्दल बोलतं. बीमच्या खळीत मेण नाहीतर चरबी घालतात, सूत मऊ राहावं म्हणून. कापसाचं स्वतःचंही मेण असतं. त्याला अमायलेज हातही लावत नाही, ते कॉस्टिकच्या उकळीत जातं. उकळी कमी दिली असेल तर पाणी असंच मोत्यासारखं बसतं. दुसरं म्हणजे शेवटी सॉफ्टनर जास्त मारला असेल. तिसरं, खळीत पीव्हीए (स्टार्च नसलेली कृत्रिम खळ) घातलं असेल तर तेही अमायलेजला दाद देत नाही, चांगल्या गरम पाण्याच्या दोन-तीन धुण्यांनी काढावं लागतं. एक टॉवेल घरी धुण्याचा सोडा घालून चांगला उकळा, वाळवा, मग पाणी टाका. प्यायला लागला तर दोष उकळीचा नाहीतर मेणाचा. आणि आधी सायझिंगवाल्याला विचारा खळीत काय काय घातलंय.

अण्णा_साखरपेठ
विचारलो फोन करून. "सिक्रेट हाय अण्णा" म्हणतोय. उद्या जाऊन बसतो त्याच्या दारात.